उंदरांचं साटंलोटं

कवडूचं नाव कवडू का पडलं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्याच्या आधीची तीन लेकरं एकाच उन्हाळ्यात तापानं गेली. हा चौथा तरी जगावा म्हणून मायनं त्याला शेजारणीच्या पदरात टाकला, एका कवडीला विकला, आणि मग सांभाळायला म्हणून तिच्याकडून परत घेतला. दैव फसलं असावं, कारण कवडू छप्पन्न वर्षांचा झाला. त्यातली बावीस वर्षं त्यानं उंदीर सांभाळले.

हसायचं काम नाही. सरकारी नोकरी होती ती.

नागपूरच्या सरकारी कॉलेजच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तिला सगळे उंदीरघर म्हणत. कवडू रोज सकाळी बेसा गावाहून सायकल हाणत यायचा. आल्याबरोबर घाण झालेला लाकडाचा भुसा काढायचा, नवा घालायचा, बाटल्या धुवायच्या, भिजवलेले हरभरे पिंजऱ्यापिंजऱ्यात वाटायचे. शेवटचा पिंजरा होईपर्यंत पहिल्या पिंजऱ्यात पुन्हा घाण झालेली असायची. आणि नागपूरचा मे महिना म्हणजे विचारूच नका. कूलरमध्ये बादलीवर बादली पाणी ओतत राहायचं, नाहीतर उंदीर पटापट लंबे झालेच म्हणून समजा. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात कवडूचा खांदा इतका धरला होता की सायकलचं हँडल पकडताना डोळ्यांत पाणी यायचं. थकला होता बिचारा. पण माणूस ओझ्यानं थकतो त्याहून जास्त तोंड दाबून थकतो, आणि कवडूनं सव्वा वर्ष तोंड दाबून ठेवलं होतं.

उंदीर होते डॉक्टर कुसुमताईंचे. कुसुमताई शहरातल्या सदर भागात म्हाताऱ्या आईजवळ राहत. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. नऊ वर्षं त्या आणि त्यांचा एक प्रश्न, असा दोघांचा संसार चालला होता. त्यांच्याकडे मातकट रंगाच्या उंदरांची दोन घराणी होती. दिसायला इतकी सारखी की खुद्द कवडूलाही रंगावरून ओळखता यायची नाहीत. ओळख फक्त पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीची, एका घराण्याला निळी आणि दुसऱ्याला लाल. जंतू उकळून मारले तरी त्यांच्या सालीत एक विष उरतं. ते टोचलं की निळ्या चिठ्ठीचा उंदीर अंग फुगवून कोपऱ्यात बसायचा, त्याचे डोळे चिकटायचे आणि दुसऱ्या दिवशी खेळ खलास. लाल चिठ्ठीचा मात्र तेवढंच विष अंगात घेऊन आरामात हरभरे कुरतडत बसायचा.

"हे लालवाले पहिलवान हायेत का, बाई?" कवडूनं सुरुवातीला विचारलं होतं.

"पहिलवान कुठले, बहिरे आहेत," कुसुमताई म्हणाल्या होत्या. "रक्तात राखणदार पेशी असतात, कवडूजी. विषाची चाहूल लागली की त्या कुत्र्यासारख्या भुंकतात. ताप येतो तो त्यांच्या भुंकण्यानं. निळ्यांचे कुत्रे इतके भुंकतात की त्या गोंधळातच घरधनी मरतो. लालवाल्यांच्या कुत्र्यांना ऐकूच येत नाही."

"मंग बरंच हाये की! बहिरा सुखी."

"कसला सुखी? जिवंत जंतू आत सोडा, आधी मरतो तो लालवाला. चोर घरात शिरला तरी कुत्रा झोपलेला. मरायच्या घडीपर्यंत खातपीत असतो, बाहेरून काही कळत नाही."

हा बहिरेपणा आईबापाकडून येतो, एवढं कुसुमताईंना ठाऊक होतं. त्यांना शोधायचं होतं ते पुढचं. विषाला बहिरं असणं आणि जंतूंना बळी पडणं, हा एकच वारसा की दोन वेगळे? त्यासाठी घराणं शुद्ध पाहिजे, लालमध्ये निळ्याचं थेंबभर रक्त नको. आणि घराणं शुद्ध ठेवायची रीत एकच. एकाच वेतातला भाऊ घ्यायचा, त्याचीच बहीण घ्यायची, आणि दोघांची जोडी लावायची. त्यांना पिल्लं झाली की पुन्हा तेच. जोडी लावायचं काम कवडूचं होतं.

आठ वर्षं त्यानं ते केलं आणि कधी भुवई वर केली नाही. उंदराला काय, मामा कोण आणि काका कोण!

पण माणसानं नोकरीच्या गोष्टी घरी सांगू नयेत, त्या कवडूनं सांगितल्या. त्याची लेक कौशल्या कळमेश्वरला दिलेली. तिचं पहिलं लेकरू नऊ दिवसांचं होऊन गेलं, दुसरं बारशाच्या आधीच गेलं. घरात सुतक, कोणी कोणाशी बोलेना, म्हणून जरा मन दुसरीकडे न्यावं या हेतूनं कवडूनं बायकोला उंदरांच्या गमती सांगितल्या. रंभाबाई तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"काय म्हनले तुमी? भाऊ-बहिनीले एका पिंजऱ्यात घालता?"

"जनावर हाये वं थे."

"जनावर हाये, पन हात तं तुमचा हाये ना! एका देवकात सोयरीक नाई करत दुनिया, अन् तुमी आठ वर्षांपासून सख्खे भाऊ-बहीन लावून राह्यले? लेकीची वटी काहून रिकामी होते, ते आता समजलं मले." आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना.

कवडूनं तिला वेड्यात काढलं. पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात हात घातला तर तो बाहेर निघेना. बोटांत ती पिटुकली बहीण वळवळत होती, समोर तिचा भाऊ मिशा हलवत होता, आणि कवडूला दिसत होती ती फडक्यात गुंडाळलेली दोन लेकरं. डोकं म्हणत होतं, गाढवा, सोड तिला आत. हात ऐकेना.

मग त्यानं आपल्या परीनं मार्ग काढला. दोन्ही घरच्या पोरी उजवायच्या असल्या की आपल्याकडे काय करतात? साटंलोटं. तुमची लेक आमच्या घरी, आमची लेक तुमच्या घरी. कुसुमताई दुपारी जेवायला गेल्या की कवडूनं लालची एक लेक निळ्यांत दिली आणि निळ्यांची एक लालमध्ये आणली. चिठ्ठ्या होत्या तिथंच राहिल्या. देणंघेणं नाही, मानपान नाही, अक्षता नाहीत, दोन्ही पोरी सुखानं नांदू लागल्या. कवडूला वाटलं, उंदीर ते उंदीर, कोणाचं काय बिघडलं? पुढची वेतं झाली तशी त्यानं आणखी सोयरिकी जमवल्या.

आणि त्याच वर्षी कौशल्याला मुलगी झाली. नऊ दिवस झाले, बारसं झालं, उष्टावण झालं. वच्छी जगली. आता सांगा, कोणत्या तोंडानं कवडू खरं बोलणार होता?

इकडे लाल चिठ्ठीचे उंदीर मरायला लागले. जे विष पचवून हरभरे खायचे ते दहात दोन मेले, मग दहात पाच मेले. कुसुमताईंनी विष नवं काढलं, सुया बदलल्या, पाणी तीनदा उकळलं. तरी कधी मरत, कधी जगत, कशाचा कशाला मेळ नाही. कवडू मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलायचा आणि मनात म्हणायचा, हे निळ्याच्या लेकीचं पोर. दुसरा उचलायचा, हेही तिचंच. त्याला हळूहळू सगळं उमगलं. पण बोललं तर नोकरी जाणार हे एक, आणि बोललं तर पुन्हा भाऊ-बहीण लावावे लागणार हे दुसरं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची धास्ती मोठी होती. तो गप्प राहिला आणि दर दिवशी थोडा थोडा वाकत गेला.

मेच्या चौथ्या आठवड्यात वरून, कॉलेजच्या मोठ्या साहेबाकडून कागद आला. या कामातून काही निष्पन्न होत नाही, महिनाअखेर पिंजरे रिकामे करावेत. कुसुमताई तो कागद हातात घेऊन दुपारी उंदीरघरात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"कवडूजी, तीस तारखेपर्यंत सगळे संपवा. क्लोरोफॉर्मची बाटली कपाटात आहे."

"सगळे, बाई?"

"सगळे. माझाच हात खराब असेल. नऊ वर्षांत एक सरळ आकडा काढता आला नाही मला." हे त्या अशा बोलल्या की जणू भाजी महाग झाली एवढंच सांगत होत्या.

कवडूच्या हातून पाण्याची काचेची बाटली निसटली आणि फरशीवर फुटली. एरवी बाटली फुटली की कुसुमताईंचा आवाज फाटकापर्यंत जायचा. आज त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "पायात काच जाईल, बघा."

ही बाई ओरडत नाही? खाते-पिते, येते-जाते, बाहेरून सगळं ठीक, आणि ओरडत नाही? बावीस वर्षं उंदीर पाहिलेल्या माणसाला हे लक्षण कळत होतं. तो काचेच्या तुकड्यांतच खाली बसला.

"बाई, तुमचा हात खराब नाई. माहा हाये. मी लालच्या पोरी निळ्यात देल्या अन् निळ्याच्या लालमंदी आनल्या. साटंलोटं केलं मी. सव्वा वर्ष झालं."

कुसुमताई त्याच्याकडे बघत राहिल्या. कूलर खडखडत होता. त्या म्हणाल्या, "असं होय." आणि उठून दाराकडे निघाल्या.

"असं होय काय म्हनता?" कवडूचा तोल गेला. "शिव्या द्या ना मले! पोलिसात द्या! नऊ वर्षांची माती केली मी तुमच्या, अन् तुमी असं होय म्हनता?"

"काय करू शिव्या देऊन? शुद्ध एकही उरला नाही. संपलं ते संपलं. मला आता काही वाटत नाही, कवडूजी."

"उरले हायेत!"

त्या थांबल्या.

"लाल अकरा नंबरात," कवडू म्हणाला. "थे म्हातारं जोडपं. थे मी नाई मोडलं. आधीचंच लागलेलं होतं, लागलेली जोडी कशी मोडू? त्याइचं आता शेवटचं वेत हाये, दीड महिन्याचं. एक भाऊ अन् एक बहीन, येगळ्या येगळ्या पिंजऱ्यात ठेवले."

कुसुमताईंचा चेहरा आधी पांढरा पडला. मग मानेपासून लाल होत होत कानापर्यंत गेला.

"काय म्हणालास?" नऊ वर्षांत त्यांनी कवडूला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "हे तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलास? मी इथं पाणी उकळून उकळून मेले, साहेबाची बोलणी खाल्ली, आणि तू तिथं झाडू मारत उभा होतास? साटंलोटं म्हणे! सोयरिकी जमवायला बसलाय उंदीरघरात! लाज कशी वाटली नाही रे तुला? नऊ वर्षं, मेल्या, नऊ वर्षं! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं मी या उंदरांपायी!" त्यांनी टेबलावर असा हात आपटला की निळ्या चिठ्ठीचे झाडून सगळे उंदीर भुशात दडले. मग त्या रडल्या, रडता रडता ओरडल्या, आणि ओरडता ओरडता कवडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कवडू मान खाली घालून ऐकत होता. प्रत्येक शब्द त्याला लागत होता, आणि तरी सव्वा वर्षात पहिल्यांदा त्याला नीट श्वास येत होता. बोला बाई, तो मनात म्हणत होता, अजून बोला.

दम लागला तेव्हा कुसुमताईंनी रजिस्टर ओढलं. "सांग. कोणाची कोण, कुठं दिली, कधी दिली."

लग्नं जुळवणारा माणूस सोयरिकी विसरत नाही. "लाल सातातली कानतुटकी निळ्या तीनात देली, संक्रातीच्या दुसऱ्या दिवशी," कवडू सांगत गेला. "निळ्या पाचातली मोठी लाल दोनात आनली. तिच्या तीन पोरी लालच्याच घरात देल्या, जावई लाल चारातले." कुसुमताई लिहीत गेल्या, रेघा मारत गेल्या, मेलेल्यांचे आकडे समोर धरत गेल्या. निळ्याच्या लेकीची पोरं विषानं आजारी पडली होती, पण सगळी मेली नव्हती. तिच्या पोरी पुन्हा लालमध्ये दिल्या, त्यांची पोरं मात्र बरोबर निम्मी आजारी, निम्मी ठणठणीत. आईचा एक वाटा, बापाचा एक वाटा. सव्वा वर्ष ज्याचा मेळ बसत नव्हता ते सगळं एका दुपारी जागच्या जागी बसलं.

"बसलं ना, बाई?" कवडूनं आशेनं विचारलं.

"बसलं. आणि उपयोग शून्य. तुझ्या तोंडच्या हिशेबावर कोण विश्वास ठेवेल? हे सगळं पुन्हा करायचं, लिहून, मोजून, पहिल्यापासून." त्या उठल्या, डोळ्यांवर पाणी मारलं आणि तशाच साहेबाच्या खोलीत गेल्या. तिथं काय बोलणं झालं कवडूला माहीत नाही, पण आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत येत होता आणि तो साहेबाचा नव्हता. परत आल्या त्या दिवाळीपर्यंतची मुदत घेऊनच. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"चला. लाल अकरातली ती दोघं एका पिंजऱ्यात घाला. आजच. एकाला जरी काही झालं तर घराणं बुडालं."

"आता म्हातारं जोडपं हाये ना, बाई..."

"म्हाताऱ्यांना आता पिल्लं होणार नाहीत. हीच दोघं."

कवडूनं बहिणीला उचललं. हात पिंजऱ्याच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग त्यानं उरलेलं सांगितलं. कौशल्याची दोन लेकरं, रंभाबाईचं रडणं, वच्छीचं जगणं. "आता उन्हाळ्याची माहेरी आली हाये लेक. पोट्टी सध्या माह्याच घरात हाये, बाई. धरून धरून उभी राह्यते."

कुसुमताई ओरडल्या नाहीत. "कवडूजी," त्या पुन्हा अहोजाहोवर आल्या, "तुमच्या नातीचा आणि या उंदरांचा काहीही संबंध नाही."

"डोक्याले समजते, बाई. हाताले समजत नाई."

कुसुमताईंनी पुढे होऊन ओंजळ केली. "आणा इकडे. मी घालते. मला ना लेक ना नात. लागलंच पाप तर लागू दे मला."

त्यांनी हे सहज म्हटलं, चिडून नाही, टोमणा म्हणूनही नाही. तेच कवडूला सोसलं नाही. जिच्या नऊ वर्षांचं आपण वाटोळं केलं, तिच्याच ओंजळीत आपलं भय टाकायचं? माणूस हाये का जनावर?

"राहू द्या," तो म्हणाला. "माह्या वाट्याचं हाये थे."

त्यानं डोळे मिटले, बहिणीला आत सोडलं आणि दार लावलं. चिठ्ठीवर कुसुमताईंनी तारीख घातली. आतली दोघं एकमेकांना हुंगून हरभऱ्यांकडे वळली.

कवडू बेशाला पोचला तेव्हा अजून ऊन होतं. रांजणाजवळ उभं राहून त्यानं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. वच्छी उंबऱ्याला धरून उभी होती. आबाला पाहून तिनं दोन्ही हात वर केले. कवडूनं हात पाठीमागे घेतले.

"काहून गा, घेत काहून नाई तिले?" रंभाबाईनं विचारलं.

उंदरांचा वास येते, असं सांगता आलं असतं. पण तोंड दाबायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती. "भाऊ-बहीन लावून आलो आज," तो म्हणाला. "अन् आतापासून लावन. सव्वा वर्ष लावले नाई, तं एका बाईचा जन्म बुडवत होतो मी."

रंभाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. कवडूला वाटलं, आता ही पोरीला उचलून आत नेते आणि दार लावते. वच्छीनं ओठ काढले आणि भोकाड पसरलं, हात तसेच वर.

रंभाबाईचे डोळे भरले. ती पुढे आली, पण पोरीला हात लावला नाही.

"उचला तिले," ती म्हणाली. "तुमच्याकडंच येतो म्हन्ते थे, कवाची रडून राह्यली."

कवडूनं ओले हात पायजम्याला पुसले आणि नातीला उचललं.